थोडक्यात तगारे

माझ्या नावापुढे पिवळा दिवा लागला तेव्हा मला आनंद झाला होता. हे आधीच लिहून टाकतो, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात हा आनंद बुडून जाईल आणि मी पहिल्यापासून शहाणाच होतो असा वाचणाऱ्याचा समज होईल. तसं नव्हतं. मी त्या दिवशी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि तिसऱ्यांदा बायकोला, मृणालला, हाक मारली.

"अहो, हे तुमचंच नाव का?" तिने स्वतःच्या फोनवर ते पान उघडलं. "भालचंद्र तगारे, दीपस्तंभ. म्हणजे काय, या वयात रत्नागिरीला बदली?"

"मानाचा सदस्य म्हणून देतात."

"मग चेहरा असा का केलाय? पेढे आणा."

मी आणले. वाचनालयातल्या चार जणांनाही वाटले. आयुष्यात पहिल्यांदाच मी स्वतःचं काही वाटत होतो.

'पडताळा' ही आमची ऑनलाइन विज्ञानमंडळी. कुणीही मराठीतून प्रश्न विचारावा, पितळेवर हिरवं काय चढतं, चंद्राभोवती खळं का पडतं, आणि ज्याला ठाऊक आहे त्याने उत्तर लिहावं. ती सुरू केली निनाद आवटीने. मिरजेच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो तेव्हा तो माझा विद्यार्थी होता. सुरुवातीला आम्ही आठ-नऊशे जण होतो आणि एकमेकांना नावाने ओळखत होतो.

तिथे एक रीत होती आणि ती माझ्या प्रयोगशाळेतून गेली होती. प्रयोग लिहून झाला की शेवटी मुलांना एक ओळ लिहावी लागे: आपली चूक कुठे झालेली असू शकते. ब्युरेटमध्ये बुडबुडा होता का, रंग बदलायच्या क्षणी आपण दुसरीकडे पाहत होतो का. ती ओळ नसेल तर मी वही परत द्यायचो. मुलं वैतागायची. निनाद मात्र ती ओळ बाकीच्या प्रयोगापेक्षा मोठी लिहायचा. 'पडताळा'त त्याने नियमच केला. प्रत्येक उत्तर 'कच्चा दुवा' या शब्दांनी संपायचं, आणि त्याखाली आपल्या उत्तरात काय डळमळीत आहे ते लिहायचं. कच्चा दुवा नसलेलं उत्तर कुणी वाचतही नसे. आमचे वादही त्याखालीच रंगायचे.

मग 'उमज' आली.

ती काय आहे हे सांगणं अवघड नाही. एखादी गोष्ट डोक्यात बसते तो क्षण शरीराला लपवता येत नाही. पापणी लवायची थांबते. डोळ्याची बाहुली किंचित रुंदावते. रोखून धरलेला श्वास सुटतो आणि दोन भुवयांमधला ताण जातो. हे सगळं एक-दोन सेकंदांत, ठरावीक क्रमाने घडतं. एका संशोधकगटाने हजारो माणसांचे चेहरे तपासून तो क्रम पकडला आणि दाखवून दिलं की फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यालाही तो दिसतो. वाचता वाचता तुम्हाला कोणत्या वाक्याशी 'हां!' झालं हे त्यावरून कळतं. त्या एका 'हां'ला त्यांनी एक उमज म्हटलं. निनादने ते तंत्र 'पडताळा'ला जोडलं. कुणाचं योगदान किती मोलाचं हे यापुढे मतांवर किंवा ओळखीपाळखीवर ठरणार नव्हतं. ज्याच्या उत्तरांवर वाचकांचे डोळे जास्त वेळा उजळतील तो वर.

कल्पना वाईट नव्हती. मला तर आवडली होती. पण मी तो मूळ शोधनिबंध शेवटपर्यंत वाचला होता. शेवटच्या परिच्छेदात त्या संशोधकांनी लिहिलं होतं की आम्ही मोजतो ती समजल्याची भावना, समज नव्हे. चुकीचं उत्तर पटलं तरी बाहुली तशीच रुंदावते. मी हे निनादला कळवलं. "वाचलंय, सर," एवढंच त्याचं उत्तर आलं. मग मी गप्प बसलो. त्याने इतकं उभं केलेलं, आणि मी शेवटच्या परिच्छेदाची आठवण करून देणारा निवृत्त मास्तर.

दोन वर्षांत आमची मंडळी बदलली. सभासद चार लाखांवर गेले. उत्तरं चघळायच्या गोळीसारखी झाली, तोंडात टाकली की विरघळणारी. लीना पाटणकर नावाच्या बाई वनस्पतींवर लिहायच्या. 'हे अजून कुणालाच माहीत नाही' हे वाक्य त्यांच्याइतक्या सुंदर रीतीने लिहिणारं कुणी मी पाहिलेलं नाही. त्या वाक्यावर वाचकाच्या भुवया आक्रसतात, त्याची उणी उमज धरली जाते. बाईंचं नाव आधी फिकट झालं, मग करडं. एक दिवस त्या निघून गेल्या. मी त्यांना पत्र लिहायचं ठरवलं आणि लिहिलं नाही.

मी स्वतः दोन वर्षं तळाशीच होतो. माझ्या वाक्यांत 'बहुधा', 'असावं', 'निदान माझ्या वाचनात तरी' हे शब्द जागोजागी असतात. मग यंदाच्या उन्हाळ्यापासून माझा आकडा अचानक चढायला लागला. लोक आभार मानू लागले. मी काहीच वेगळं करत नव्हतो. लोकांनाच आता माझी सवय झाली असेल असं मी स्वतःला सांगितलं. कौतुक होत असलं की माणूस कारण फार खोलवर शोधत नाही.

त्यातच निनादचा फोन आला. "सर, या महिन्यात सांगलीत सत्कार. भाषण करावंच लागेल."

"अरे, पण मी केलंय काय?"

"तेच तर, सर. तुम्ही काही करतच नाही. किती सरळ लिहिता!"

सरळ? मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

दिवा लागलेल्या सदस्याला वाचकांनी थेट फोन करायची सोय असते. सत्काराला आठवडा राहिला असताना एका दुपारी मी मटार सोलत बसलो होतो आणि असाच एक फोन आला. बाई तरुण होती. प्रणाली मगदूम असं नाव सांगितलं. वारणाकाठची एक वस्ती, चहूकडे ऊस.

"सर, तुमचं उत्तर वाचून पाणी द्याय लागलोय बाळाला. तीन म्हैन्याचा हाय. दूध पुरंना, म्हणून पावडरचं."

"कोणतं उत्तर?"

"विहिरीचं पाणी उकळून चालतंय का म्हणून मीच विचारलं होतं की. तुम्ही चालतंय म्हणालासा."

मला ते आठवलं. मटारची शेंग हातात तशीच राहिली.

"बाळ कसं आहे?"

"त्यासाठीच केलाय फोन. दोन दिस झालं, ओठ काळपट दिसाय लागल्यात. नखंबी. रडतंय पण दम लागतोय त्याला. सासूबाई म्हणत्यात थंडी बाधली. मला वाटलं पाण्यातच काय तर राहिलं असंल, म्हणून आता निम्मं होईस्तोवर आटवून देतोय."

आटवून. पाणी वाफ होऊन जातं, त्यात विरघळलेलं मागेच राहतं. उसाच्या रानात वर्षानुवर्षं खत पडतं, त्यातलं नायट्रेट झिरपून विहिरीत येतं. मोठ्या माणसाला त्याचं सहसा काही होत नाही. तान्ह्या बाळाच्या पोटात मात्र त्याचं नायट्राइट होतं, ते रक्तात शिरतं आणि रक्ताची प्राणवायू वाहायची ताकद काढून घेतं. बाळ श्वास घेत असतं, तरी आतून गुदमरत असतं. ती माउली पाणी जितकं जास्त आटवत होती तितकं ते विष दाट होत होतं.

"ते पाणी बंद करा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "आत्ताच्या आत्ता मिरजेला मोठ्या दवाखान्यात घेऊन या. डॉक्टरांना सांगा, विहिरीचं पाणी, नायट्रेट. हाच शब्द सांगा. पण बाई, मी खाली लिहिलं होतं ना सगळं? सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला देऊ नका म्हणून?"

"खाली काय न्हवतं वो, सर."

"कच्चा दुवा..."

"ते काय असतंय?"

मृणाल आणि मी दवाखान्यात पोचलो तेव्हा बाळाला आत नेलेलं होतं. प्रणाली भिंतीला टेकून उभी होती, वीस-बावीस वर्षांची. तिचा नवरा औषधं आणायला गेला होता. मी तिच्यासमोर जाऊन उभा राहिलो. मृणालच पुढे झाली आणि तिला बाकावर बसवलं.

मी माझा फोन काढून ते उत्तर उघडलं. सगळं जागच्या जागी होतं. 'विहिरीच्या पाण्यातले जंतू पाणी खळखळून उकळल्यावर बहुधा मरतात. जंतूंपुरतं बोलायचं तर असं पाणी चालावं.' आणि त्याखाली: 'कच्चा दुवा: पाण्यात काय विरघळलेलं आहे हे मला माहीत नाही. आसपास ऊस असेल, खत पडत असेल, तर नायट्रेट असू शकतं. ते उकळून जात नाही, उलट वाढतं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला घातक ठरू शकतं. तपासून घेईपर्यंत देऊ नये.'

"हे बघ," मी मृणालला म्हणालो. "मी लिहिलं होतं."

तिने स्वतःच्या फोनवर तेच पान काढलं आणि दोनदा वाचलं. मग फोन माझ्या हातात दिला.

'विहिरीच्या पाण्यातले जंतू पाणी खळखळून उकळल्यावर मरतात. असं पाणी चालतं.'

वर माझं नाव, शेजारी पिवळा दिवा. खाली कच्चा दुवा नव्हता. 'बहुधा' नव्हतं. 'चालावं'चं 'चालतं' झालं होतं. मी दुसरं उत्तर उघडलं, मग तिसरं. माझी दहा वर्षांची उत्तरं तिथे सोललेल्या उंदरांसारखी ओळीने पडली होती, गुळगुळीत आणि गुलाबी. तो माणूस कुठेच अडखळत नव्हता. त्याला सगळं माहीत होतं. मला खरंच ओकारी आली. मी बेसिनपाशी जाऊन उभा राहिलो आणि नुसताच उभा राहिलो.

डॉक्टर बाहेर आल्या. त्यांनी पांढऱ्या टिपकागदावर बाळाच्या रक्ताचा थेंब घेतला होता, तो आम्हाला दाखवला. चॉकलेटसारखा तपकिरी. "नायट्रेट म्हणून कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं. "बरं झालं सांगितलं. औषध सुरू केलंय. आता वाट पाहायची."

"ह्या सरांनी सांगितलं," प्रणालीने माझ्याकडे बोट दाखवलं. "सरांमुळंच वाचतोय बघा पोरगा."

त्या क्षणाची शिसारी अजून गेलेली नाही.

मी निनादला फोन केला. तो सांगलीत होता, अर्ध्या तासात आला. कॅन्टीनमध्ये बसलो. मी त्याच्यापुढे दोन्ही फोन शेजारी शेजारी ठेवले.

"सर, ही 'थोडक्यात' सोय आहे," तो शांतपणे म्हणाला. "उन्हाळ्यापासून सुरू केली. वाचकाची उमज कुठे तुटते ते यंत्र बघतं आणि तेवढा भाग आत घेतं, उरलेलं वाक्य सरळ करतं. काढून टाकत नाही. 'अधिक' दाबलं की पूर्ण उत्तर दिसतं."

"किती जण दाबतात?"

त्याने चहाचा कप फिरवला. "कमी."

"मला कधी कळवलं नाहीस."

"लेखकाला त्याचं स्वतःचं पूर्णच दिसतं. उगाच मन दुखावायला नको म्हणून. आणि सर, खरं सांगू? सगळ्यात जास्त फरक तुमच्या उत्तरांना पडला. ज्ञान पक्कं होतंच. फक्त त्यावर कोळिष्टकं होती."

"कोळिष्टकं!"

"रागावू नका. आधी तुम्हाला किती जण वाचायचे? शंभर? आता लाखभर वाचतात. प्रत्येक ओळीला 'कदाचित' लावलं तर माणूस वाचत नाही, सर. तो उठून कुठल्यातरी बाबाचा व्हिडिओ बघतो. तिथे नायट्रेट हा शब्दही नसतो."

हे खोटं नव्हतं. अजूनही नाही. त्याने पुढे जे विचारलं ते तर मी स्वतःलाच तासभर विचारत होतो.

"एक विचारू? बाळाचा जीव ज्या वाक्यात होता ते वाक्य तुम्ही पहिलं का नाही लिहिलंत? शेवटी का?"

कारण तशी रीत होती. जे निश्चित ते वर, जे अनिश्चित ते खाली. मला नायट्रेटची खात्री नव्हती, म्हणून ते कच्च्या दुव्यात गेलं. आमच्या मंडळीतल्या कुणीही तेच केलं असतं, आणि आमच्याशिवाय ही चूक जगात कुणाच्या हातून झाली नसती. खात्री आणि महत्त्व यांतला फरक मला कळू नये? मला निनादची किळस येत होती, पण ती तेवढ्यावर थांबत नव्हती.

"ते उत्तर काढून टाक," मी म्हणालो.

"सर, दीपस्तंभाचं उत्तर असं काढता येत नाही. तो संस्थेचा ठेवा असतो. समितीपुढे घ्यावं लागेल. पुढच्या मंगळवारी बैठक आहे." मग तो खाली वाकून हळू म्हणाला, "आणि सत्कारात हा विषय नको, प्लीज. लहान मुलं आणि पाणी यासाठी लाल पट्टी लावायची सोय करतो मी. शब्द देतो."

तो उठून गेला तेव्हा माझ्या पाया पडला. नेहमीसारखाच. पाय मागे घ्यावेत असं पहिल्यांदाच वाटलं, आणि घेतले नाहीत.

वर आलो तर प्रणाली फोनवर कुणाशी तरी चिडून बोलत होती. फोन ठेवून ती रडायला लागली.

"सर, आमच्या शेजारी चौगुल्यांचं बाळ हाय. दोन म्हैन्याची पोरगी. तिलाबी पावडरच. तुमचं उत्तर मीच पाठवलं होतं त्यांना. आता सांगतोय देऊ नका, तर त्यांची आजी म्हणती, तुझ्या पोराला दुसरं काय तर झालं असंल. सरांनी लिवलंय चालतंय म्हणून."

मंगळवारी बैठक होती. आम्ही रिक्षा केली.

वस्ती म्हणजे आठ-दहा घरं आणि मध्ये ती विहीर. चौगुल्यांच्या पडवीत सून चटईवर बसून बाटलीत पावडर मोजत होती. शेजारी ॲल्युमिनियमच्या पातेल्यात उकळून गार केलेलं पाणी. पोरगी पाळण्यात हात-पाय हलवत होती, गुलाबी, टवटवीत. आजीचं नाव हिराबाई. रिक्षा पाहून आजूबाजूच्या बायका जमल्या.

"मी तगारे," मी म्हणालो. "ते पाण्याचं उत्तर... ते माझं आहे."

हिराबाईंनी कनवटीला लावलेला चष्मा डोळ्यांवर चढवला, सुनेच्या हातून फोन घेतला आणि माझ्या चेहऱ्याशेजारी उंच धरला. तिथला माझा फोटो निनादच्या लोकांनी उजळून घेतला होता.

"ह्ये न्हवं," त्या म्हणाल्या. "ह्यो तरणा हाय."

बायका हसल्या. कुणीतरी म्हणालं, "म्हातारा ल्योक शोधाय आलाय जणू!"

"फोटो त्यांनी जरा सुधारलाय. पण मीच तो. ते पाणी बाळाला देऊ नका."

"आन हितं तर लिवलंय चालतंय."

"ते मी पूर्ण तसं लिहिलेलं नाही. म्हणजे निम्मं माझं आहे. उरलेलं त्यांनी..."

"म्हंजे तवा चुकलासा?"

"चुकलो असंही नाही म्हणता येणार. पण..."

"तवा चुकला न्हाईसा, मग आता कशापायी उलटं सांगताय? आन आताचंच बरोबर कशावरनं?"

इतका नेमका प्रश्न मला वर्गात कुणी विचारला नव्हता. मी प्रामाणिक उत्तर द्यायला सुरुवात केली. पाणी तपासलेलं नाही. पण ऊस आहे, शेजारच्या बाळाला त्रास झालाय, म्हणजे नायट्रेट असण्याची शक्यता बरीच आहे, बहुधा प्रमाणही...

"बहुदा म्हनं," हिराबाई सुनेकडे वळल्या. त्यांच्या दोन भुवयांमध्ये खोल आठी पडली होती. त्यांनी फोनवर बोट ठेवलं. "ह्यो बघ, कसा सरळ सांगतोय. ह्या मानसालाच ठावं न्हाई तर आपल्याला काय सांगतोय? पाज गं तिला, भुकेजलीय."

सुनेने पातेल्यातलं पाणी बाटलीत ओतलं, झाकण लावून हलवलं आणि पोरीला मांडीवर घेतलं.

"अहो," मृणाल माझ्या कानाशी म्हणाली, "सरळ सांगा की!"

मी त्या पोरीकडे पाहिलं. तिला काहीही झालेलं नव्हतं. ही बाटली पिऊन काही होईलच असंही नव्हतं. एकाला बाधतं, दुसऱ्याला बाधत नाही. किती दिवसांनी, किती प्रमाणाने, यातलं मला काहीच माहीत नव्हतं.

"या पाण्याने ही पोरगी मरेल," मी म्हणालो.

सुनेने मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

"मरेल," मी पुन्हा म्हणालो. "शेजारचं पोर दवाखान्यात आहे, ते याच पाण्याने. ओतून टाका."

तेव्हा मी ते पाहिलं. इतकी वर्षं आकड्यांतच पाहिलेलं समोर घडताना पाहिलं. हिराबाईंची पापणी लवायची थांबली. चष्म्यामागे काळी बाहुली रुंदावली. आठी उलगडली, आणि एक लांब श्वास सुटला. सुनेचंही तसंच. मागच्या बायकांचंही. एका वाक्यात.

"मग आधी का न्हाई सांगितलंसा असं?" हिराबाई ओरडल्या. त्यांनी सुनेच्या हातातून बाटली ओढून घेतली आणि पातेल्यासकट दारच्या केळीच्या बुंध्यात रिकामी केली.

त्यानंतर मी पडवीत बसून सगळं नीट सांगितलं. की मरेलच असं नव्हतं. की मोठ्यांनी हे पाणी प्यायला बहुधा हरकत नाही. की पाणी तपासून घ्या, तोवर दुसरीकडून आणा, पोरीचं रक्त उद्याच दाखवा. त्या माना हलवत होत्या. ऐकत कुणी नव्हतं. त्यांना हवं ते मिळालं होतं. मी चूळ भरायला पाणी मागितलं. एकीने लगबगीने तांब्या आणून दिला आणि "सर" म्हणाली. मी तीनदा चूळ भरली.

प्रणालीचं बाळ चौथ्या दिवशी घरी गेलं. वस्तीच्या पाण्यात नायट्रेट मर्यादेच्या दुपटीहून जास्त निघालं. चौगुल्यांच्या पोरीच्या रक्तात थोडा फरक होता. आणखी काही दिवस तेच पाणी दिलं असतं तर काय झालं असतं, असं मी डॉक्टरांना विचारलं. "सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले.

मंगळवारी निनादचा फोन आला. समितीने पाण्याचं उत्तर काढलं होतं. मी सत्काराला येणार नाही, दिवाही काढा, असं सांगायला तोंड उघडलं, पण त्याचा आवाज हर्षाने चढला होता.

"सर, तुम्ही बघितलंच नाही अजून? बघा आधी! असं बोला, सर. असंच बोला."

त्या पडवीत जमलेल्यांपैकी कुणीतरी फोनवर चित्रण केलं होतं आणि 'पडताळा'वर टाकलं होतं. उमज मोजायला लागल्यापासून एवढी कशालाच मिळाली नव्हती. मी ते उघडलं. पडवी, पाळणा, आणि एक म्हातारा. 'या पाण्याने ही पोरगी मरेल. मरेल. शेजारचं पोर दवाखान्यात आहे, ते याच पाण्याने. ओतून टाका.' बस. आधीचं अडखळणं नव्हतं आणि नंतरचं सगळं सांगणंही नव्हतं.

चीड आली म्हणून मी ते परत लावलं. नेमकं कुठे कापलंय ते पाहायचं होतं. तो म्हातारा पुन्हा बोलला. त्याच्या आवाजात कंप नव्हता. त्याला ठाऊक होतं. ते ऐकताना क्षणभर, अगदी क्षणभर, मला बरं वाटलं. छातीतला श्वास मोकळा झाला.

फोन माझ्या चेहऱ्यासमोर होता. चित्राखालचा उमजेचा आकडा एकाने वाढला.